गाळलेलं पाणी

४ सप्टेंबर

ताई,

हे पत्र कामाचं आहे. शेवटपर्यंत वाचलंस तर बरं.

पाच वर्षांपूर्वी दारात उभी राहून तू म्हणाली होतीस, "यापुढे मला काही सांगायचं असेल तर लिहून पाठव. तोंडी तू फार सफाईनं बोलतेस." माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

मंडळाची नोटीस तुझ्याकडेही आल्याचं आईकडून कळलं. आई म्हणाली, "ताईनं पाकीट उघडलं, वाचलं, परत घडी घातली आणि मला विचारलं, गॅस बंद केलास का." नोटिशीत काय आहे ते आईला नीट समजलेलं नाही. तिला अजून वाटतं की आम्ही मासे मारून बघतो. मी पुन्हा एकदा सांगितलं की मासे नव्हे, पाणपिसवा, मोहरीपेक्षा लहान, उड्या मारत पोहणाऱ्या, माशांची पिल्लं ज्यांच्यावर जगतात त्या. तर म्हणाली, "एवढ्याशा किड्यांसाठी माझ्या पोरीला नोटीस?"

मला माहीत आहे ते एवढं. माशांच्या पिंजऱ्यांच्या जाळ्यांवर शेवाळ धरू नये म्हणून जो तेलकट लेप लावतात, त्यातल्या रसायनाची चाचणी आपण पाच वर्षांपूर्वी केली. अहवालाखाली चाचणीप्रमुख म्हणून सही तुझी. निष्कर्ष असा, की हे रसायन पाण्यात जेमतेम विरघळतं आणि जेवढं विरघळतं तेवढ्यानं पाणपिसवांना काही होत नाही. त्यावर लेपाला परवाना मिळाला. आता ज्या तलावात तो सगळ्यात जास्त वापरला गेला तिथे पाणपिसवा जवळजवळ उरलेल्या नाहीत. १७ ऑक्टोबरला सुनावणी आहे. तुझा सहीचा अधिकार काढून घ्यायचा की ठेवायचा, ते तिथे ठरेल. तो गेला तर तुझ्या पाणी तपासायच्या दोन खोल्यांना कुलूप लागेल. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

साहेबांनी चाचणी पुन्हा करायचं काम माझ्याकडे दिलं आहे. विभाग आता मी बघते, आईनं सांगितलं असेलच.

एकच विचारायचं होतं. मूळ योजनेचं सहावं पान, न विरघळलेला भाग पाण्यातून वेगळा कसा करायचा ते, आमच्या फायलीत फार पुसट झालं आहे. तुझ्याकडे प्रत असेल तर झेरॉक्स पाठव.

त्या चाचणीचं पाणी मी तयार केलं होतं. वही मी काल काढून पाहिली. सगळं योजनेप्रमाणे लिहिलेलं आहे.

धाकटी


१४ सप्टेंबर

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. योजनेचं पान मला भिंगाखाली वाचता आलं, त्यामुळे झेरॉक्सची गरज उरली नाही.

काल तलावावरचा एक पिंजरेवाला प्रयोगशाळेत आला होता. पन्नाशीचा, हातांवर दोरीचे वळ. त्यानं बरणी माझ्या टेबलावर ठेवली.

मी म्हटलं, "यात काय आहे?"

"काही नाही."

"मग आणलं कशाला?"

"तेच दाखवायला आणलं, मॅडम. पूर्वी याच बरणीत नुसतं पाणी घेतलं तरी वळवळ दिसायची. पिल्लांना खाणं टाकतो मी, पण बोटभर होईपर्यंत त्यांना पाण्यातलंच जिवंत लागतं. तोंड उघडतात आणि मरतात. तुमच्या कागदावर लिहिलंय, काही होत नाही. कागद कोणी केला?"

साहेब मागेच उभे होते. म्हणाले, "ज्यांनी केला त्या आता इथे नाहीत."

मी बरणी उजेडात धरली. खरंच काही नव्हतं. पिंजरेवाला गेल्यावर साहेब म्हणाले, "हे बघ, आपण एक स्वच्छ चाचणी करू. निकाल पूर्वीसारखाच आला तर तुझी बहीणही सुटली आणि आपणही. वेगळा आला तर पूर्वीची प्रमुख कोण होती ते सगळ्यांना दिसतंच आहे."

म्हणजे माझ्याच हातच्या निकालावर तू सुटणार किंवा अडकणार. मी होकार दिला. दुसऱ्या कोणाकडे काम गेलं असतं तर ते मला बघवलं नसतं.

तयारी सांगते. काचेला हे रसायन चिकटतं, म्हणून सगळी भांडी आदल्या दिवशी चाचणीच्याच पाण्यानं भरून ठेवली, सकाळी ओतून टाकली आणि ताजं भरलं. काचेला जेवढं प्यायचं होतं तेवढं ती आधीच प्यायली. भांडी धुणाऱ्या मावशींना मी ओतलेली भांडी धुवू नका म्हणून तीनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या ताईंनी मला हे पाच वर्षांपूर्वी शिकवलंय. तुम्ही तेव्हा पिपेट उलटं धरत होता."

पाणी दोन रीतींनी तयार करते आहे. अर्धं योजनेप्रमाणे काचेच्या नळ्यांत घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून. तेलाचे थेंब वर येतात आणि मधलं पाणी आपण काढून घेतो. उरलेलं अर्धं कागदातून गाळून.

दोन रीती का, असं तू विचारशील. खबरदारी म्हणून.

धाकटी


१६ सप्टेंबर

ताई,

अठ्ठेचाळीस तास आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पुरे झाले. भांडं हलकेच हलवायचं, पंधरा सेकंद थांबायचं, जी हलत नाही ती मोजायची. साध्या पाण्यात वीसपैकी वीस पोहत होत्या. गाळलेल्या पाण्यात वीसपैकी वीस. फिरवलेल्या पाण्यात वीसपैकी वीस. मी दोनदा मोजलं. मग शेजारच्या विभागातल्या मुलीला काय कशात आहे ते न सांगता मोजायला लावलं. तिचेही साठ भरले.

म्हणजे पाच वर्षांपूर्वीचा निकाल बरोबर आहे. तुझी सही बरोबर आहे. तलावात जे झालं त्याला दुसरं काही कारण असणार.

साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, "बघ, उगाच तोंड पाडून बसली होतीस." आईला फोन केला तर ती म्हणाली, "सगळे जगले ना? मग झालं." मी आज दुपारी नीट जेवले. बऱ्याच दिवसांनी.

आता एक गोष्ट सांगायला हरकत नाही, कारण तिनं काही फरक पडत नाही हे सिद्ध झालं आहे.

तेव्हा मी पाणी फिरवलं नव्हतं. गाळलं होतं. वहीत "फिरवलं" असं लिहिलं, कारण योजनेत तसं होतं. सेंट्रिफ्यूजच्या चार जाड काचेच्या नळ्यांपैकी एक आदल्या दिवशी माझ्या हातून फुटली. तीन नळ्यांनी तोल साधत नाही, आणि दोन-दोन नळ्यांनी फिरवत बसले असते तर दुपार झाली असती. पाणपिसवांची पिल्लं चोवीस तासांच्या आतली हवीत, ती वयात बसली नसती. गाळायला वीस मिनिटं लागली. पाणी स्वच्छ दिसत होतं.

पण आज दिसलंच की दोन्ही सारखं. तुला नुसतं कळावं म्हणून लिहिलं.

~~आता तरी फोन उचल.~~

वरची ओळ मी खोडली आहे. वहीच्या नियमाप्रमाणे एकच रेघ मारली आहे.

धाकटी


१८ सप्टेंबर

ताई,

परवाचं पत्र परत मागवता आलं असतं तर मागवलं असतं. ते तुला आज मिळालं असेल.

दोन्ही पाण्यांत प्रत्यक्ष किती रसायन होतं ते मोजायला मी नमुने यंत्रावर दिले होते. आकडे आज दुपारी आले. फिरवलेल्या पाण्यात लिटरला चौदा मायक्रोग्राम. गाळलेल्या पाण्यात काहीच सापडलं नाही. एकाच्या खाली यंत्राला दिसत नाही, आणि त्याला काही दिसलं नाही.

सगळं कागदानं धरून ठेवलं. नुसते थेंब नव्हे, विरघळलेलंही. पहिल्याच आठवड्यात तू मला सांगितलं होतंस की गाळायच्या कागदाला तेलकट गोष्टी फार आवडतात, त्याच्यावर विसंबू नकोस. मी मान डोलावली होती.

म्हणजे पाच वर्षांपूर्वी त्या वीस पाणपिसवा ज्यात पोहत होत्या ते साधं पाणी होतं. आपण साध्या पाण्याची चाचणी केली.

तरीही अठ्ठेचाळीस तासांत कुठेच काही झालं नाही, असं मी स्वतःला दुपारभर सांगत होते. मग मला ती बैठक आठवली, आणि आता ती पूर्ण लिहिते, कारण तिथे काय पणाला होतं हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं मी आजवर सांगत आले. मला कळलं होतं.

तू म्हणत होतीस की असं रसायन अंगात हळूहळू शिरतं, दोन दिवसांत त्याचं काही दिसणार नाही, एकवीस दिवसांची चाचणी करू, पिल्लं होतात का ते बघू. साहेब म्हणाले, "पाण्यात मोजलं तर शून्य येतंय. जे विरघळतच नाही त्याची एकवीस दिवस काय चाचणी करायची?" तू म्हणालीस, "शून्य येणं शक्य नाही. थोडं तरी विरघळायला हवं." मग तू वळलीस आणि सगळ्यांसमोर मला विचारलंस, "पाणी गाळलंस का?"

सात माणसं होती. मी नोकरीला लागून चार महिने झाले होते आणि मला तूच चिकटवलं होतंस. मी म्हणाले, "नाही. फिरवलं. वहीत आहे."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. साहेब म्हणाले, "झालं समाधान?" दुसऱ्या दिवशी सकाळी तू अहवालावर सही केलीस. महिन्याभरानं राजीनामा दिलास. तुला वाटलं मी साहेबांच्या बाजूनं बोलले. मी कोणाच्याच बाजूनं बोलत नव्हते. मला फक्त त्या सात माणसांसमोर तुझी वेंधळी बहीण व्हायचं नव्हतं.

एकवीस दिवसांची चाचणी मी उद्या सुरू करते आहे. ती १० ऑक्टोबरला संपेल. सुनावणीच्या आधी सात दिवस. साहेबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दोन दिवसांत मेल्या नाहीत ना? मग कशाला उकरतेस?" मी आकडे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "कर. पण दोन्ही रीतींचं मला काही सांगू नकोस."

त्यांना अंदाज आला आहे असं मला वाटतं.

धाकटी


२ ऑक्टोबर

ताई,

आज चौदावा दिवस.

तीस भांडी आहेत, एकेकात एक आई. दहा साध्या पाण्यात, दहा गाळलेल्यात, दहा फिरवलेल्यात. एक दिवसाआड पाणी बदलते, पिल्लं झाली असतील तर काळ्या कागदावर बशी ठेवून मोजते आणि काढून टाकते. साध्या आणि गाळलेल्या पाण्यातल्या आयांना नवव्या दिवसापासून पिल्लं होताहेत, एका वेळी पंधरा, अठरा, वीस. फिरवलेल्या पाण्यातल्या दहापैकी सात आयांना अजून एकही नाही. त्या पोहताहेत. खाताहेत. पाठीवरच्या पिशवीत अंडी येतात आणि दोन दिवसांत विरघळून जातात. भिंगातून दिसतं.

मावशी भांडी न्यायला आल्या तेव्हा मी मोजत होते. म्हणाल्या, "या रांगेतल्या वांझ राहिल्या का?"

"हो."

"आणि जगताहेत?"

"हो."

"म्हणजे तलावात कोणाला कळणारच नाही. एक दिवस नुसत्या नसतील." मग भांडी उचलता उचलता म्हणाल्या, "त्या वेळी कचऱ्यात जाड काच होती. मला वाटलं, पोरगी नवीन आहे, कशाला बोला."

मी पुढची बशी काळ्या कागदावर ठेवली.

सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर टाइप केलेलं निवेदन होतं, माझ्या नावानं. त्यात असं की मी तेव्हा कनिष्ठ होते, वरिष्ठांच्या सूचनेप्रमाणे काम केलं, पद्धतीची आणि निष्कर्षाची जबाबदारी चाचणीप्रमुखाची होती. वहीशी ताडून पाहिलं तर यातलं कुठलंही वाक्य खोटं ठरत नाही. "सही कर," साहेब म्हणाले. "प्रमुखाची जबाबदारी असतेच. नियमातच आहे. तू काही वाईट बोलत नाहीयेस."

मी म्हटलं, "सर, पाणी मी गाळलं होतं."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "हे तू मला सांगितलेलं नाहीस."

"आत्ता सांगितलं."

"ऐक. गाळायचे कागद तेव्हाच फेकले गेले असणार. साक्षीदार नाही. वहीत तुझ्याच अक्षरात 'फिरवलं' लिहिलंय आणि खाली तुझी सही आहे. आता सुनावणीच्या तोंडावर तू म्हणणार, मी खोटं लिहिलं होतं. मंडळ काय म्हणेल माहितेय? बहिणीला वाचवायला खोटं बोलतेय. तुझी नोकरी जाईल आणि तिला त्याचा काडीचा उपयोग होणार नाही."

यातली शेवटची गोष्ट मला पटली. म्हणून घाबरले. तेव्हा खोटं बोलले तर सगळ्यांनी मानलं, आता खरं बोलले तर कोणी मानणार नाही.

निवेदन माझ्या पिशवीत आहे. सही केलेली नाही. फाडलेलंही नाही. हे तुला सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

आई म्हणते तू माझी पत्रं उभ्यानंच वाचतेस आणि कपाटात ठेवतेस. बसून वाच. लांब असतात.

धाकटी


११ ऑक्टोबर

ताई,

काल चाचणी संपली. सोबत तक्त्याची प्रत आहे. आकडे इथेही लिहिते. साध्या पाण्यात एका आईमागे सरासरी शहाण्णव पिल्लं. गाळलेल्यात चौऱ्याण्णव. फिरवलेल्यात सात.

मंडळ मानणार नाही, या साहेबांच्या म्हणण्याचं उत्तर मला यंत्रावर मिळालं. मी नव्यानं सहा वेळा पाणी फिरवलं, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या नळ्यांत. दर वेळी बारा ते सोळाच्या मध्ये आकडा आला. सहा वेळा गाळलं. दर वेळी काहीच नाही. पाच वर्षांपूर्वीच्या अहवालात काहीच नाही असं आहे. हे पाणी फिरवलेलं असूच शकत नाही. मंडळानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही तरी चालेल, आकड्यावर ठेवावा लागेल.

आज सकाळी मी जुनी वही काढली. पान एकेचाळीस. "फिरवलं" या शब्दावर एक रेघ मारली, वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं, "गाळलं. एक नळी फुटली होती, त्याची नोंद केली नव्हती." त्याखाली आजची तारीख आणि सही. तारखेत पाच वर्षांचं अंतर दिसतं.

मग ते पान आणि बाकीचं सगळं मंडळाकडे पाठवलं. साहेबांना टपालात टाकल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "तुला कोणी सल्ला दिला?" मी म्हटलं, कोणी नाही. म्हणाले, "तेच दिसतंय."

हे तुला सुनावणीत पहिल्यांदा कळू नये म्हणून लिहिते. यानं तू सुटशीलच असं नाही. प्रमुखानं स्वतः जाऊन बघायला हवं होतं असं ते म्हणू शकतात.

माफी मागायला हे पत्र नाही. ती मागून झाल्यावर मला बरं वाटेल आणि तुला उत्तर देणं भाग पडेल, म्हणून मागत नाही.

धाकटी


१९ ऑक्टोबर

ताई,

तुला आधी बोलावलं आणि मग बाहेर बसवलं, म्हणून आत माझं काय झालं ते तुला माहीत नाही. निकालपत्रात ते नसेल. लिहिते.

तिघे होते. मधल्या खुर्चीतल्या बाईंनी पान एकेचाळीस समोर ठेवलं होतं. म्हणाल्या, "ही दुरुस्ती सहा दिवसांपूर्वीची आहे."

"हो."

"तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला हे कळलं असतं?"

"नाही. कागद तेव्हाच फेकले होते."

"चाचणीप्रमुख तुमच्या सख्ख्या बहीण. बहीण आहे म्हणून आता सांगताय?"

मी म्हटलं, "बहीण आहे म्हणून पाच वर्षं सांगितलं नाही. दुसरं कोणी असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं. तिच्यासमोर चुकायची मला सवय नव्हती."

डावीकडचे गृहस्थ हे लिहून घ्यायचं की नाही या विचारात थांबले. मग त्यांनी यंत्राचे बारा आकडे मागितले आणि पाऊण तास त्यावरच प्रश्न विचारले. कागद कुठल्या जातीचा होता, पाणी किती, नळ्या कोणत्या. त्या पाऊण तासात मला बरं वाटलं. माझ्याबद्दल कोणी काही विचारत नव्हतं.

निकाल तुला कळलाच आहे. तुझा सहीचा अधिकार राहिला, वर स्वतः तपासलं नाही म्हणून लेखी ताकीद. लेपाचा परवाना थांबवला. मला दोन वर्षं कुठल्याही वहीत नोंद करता येणार नाही. साहेबांनी विभाग काढून घेतला, पण नोकरीवरून काढलं नाही, कारण आता काढलं तर ते वाईट दिसेल. सध्या मी मावशींबरोबर भांडी धुते. त्या म्हणतात माझा हात जड आहे. पिंजरेवाला सुनावणीला मागच्या बाकावर होता. जाताना त्यानं विचारलं, "पाण्यात परत येतील का त्या?" मी म्हटलं, जाळी बदलली तर कदाचित, किती दिवसांत ते माहीत नाही. तो म्हणाला, "माहीत नाही म्हणालात, हे बरं केलंत."

आता व्हरांड्यातलं.

मी बाहेर आले तेव्हा तू बाकावर होतीस. थकलेली दिसत होतीस, आणि चष्म्याचा नंबर वाढला आहे. पाच वर्षांत तू मला पहिला प्रश्न विचारलास तो असा, "गाळताना कागदाला आधी पिऊ देऊन पहिलं पाणी फेकलं होतंस का?"

मी म्हणाले, "नाही."

"निदान ते तरी करायचंस."

"हो."

मग तू पिशवी उचललीस, दोन पावलं गेलीस आणि मागे न बघता म्हणालीस, "मी त्या दिवशी सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. एकटीला विचारलं असतं, तर सांगितलं असतंस का?"

मी उत्तर दिलं नाही, आणि तू थांबली नाहीस. आई म्हणते तू परवापासून नीट जेवत नाहीस, आणि "माझंच चुकलं, पोरीला चारचौघांत अडवायला नको होतं" असं तिला दोनदा म्हणालीस.

"हो, सांगितलं असतं" असं लिहून पाठवायचा मला फार मोह झाला. तुला ते ऐकावंसं वाटत असेल, आणि मी त्यानं जरा बरी दिसेन. घाबरलेली पोरगी, सात माणसं, चुकीच्या जागी विचारलेला प्रश्न. यात तुझा थोडा वाटा होतो आणि माझा तेवढा कमी होतो. पण घडलं ते असं नाही.

तू एकटीला विचारलं होतंस. त्याच संध्याकाळी, आपल्या खोलीवर. तू केस धुऊन आली होतीस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता, मी टेबलावरचे कपडे उचलत होते. घरात तिसरं कोणी नव्हतं. तू आवाज न चढवता विचारलंस, "खरंच फिरवलंस ना गं? काही झालं असेल तर आत्ता सांग, उद्या सकाळी मी सगळं थांबवते. तुला कोणी काही बोलणार नाही, ते मी बघते."

मी म्हणाले, "खरंच फिरवलं."

तू म्हणालीस, "बरं," आणि केस पुसायला लागलीस.

हे मी मंडळाला सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. तुला सहा पत्रांत सांगितलं नाही, कारण तू विसरली आहेस हे मला दिसत होतं. तुला आठवत नाही, ते तुझा त्यावर विश्वास बसला म्हणून. सकाळी तू सही केलीस ती त्या "खरंच"वर.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. नीट जेव.

धाकटी